आंब्याचा बैल

आख्ख्या मुकुंदवाडीत झाडं कापायच्या चेन मशीननं लाकडातून बैल काढणारा गडी एकच, तो मी. बाईमाणूस एक व्हती, तिनंच मला शिकवलं, आन् तिच्या बैलाला लोक बघितल्याबरोबर बैल म्हणायचे.

आता माझी पन्नाशी उलटली, पण हात सत्तरीचे झालेत. मशीन धरू धरू बोटांची टोकं मेली. चहाचा कप हातात हाय का नाय ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. कानाचं तर इचारूच नका. माझी पुतणी म्हणती, काका, तुम्ही बोलत नाय, दवंडी देता. हे सगळं तीच लिहून घ्यायलीय, कारण मी शाळेत गेलो तो मास्तराच्या चुलीचं सरपण फोडायला. ती मधीमधी इचारती, हे कोणत्या साली झालं? मला साल आठवत नाय. त्या दिवसांची एकच गोष्ट पक्की ध्यानात हाय, ती म्हंजे मला झोप येत व्हती.

आमचं घर टेशनाच्या मागल्या अंगाला. दोन खोल्या, वर पत्रे. आन् त्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. आण्णा, म्हंजे माझे वडील, वाळूजला एका कंपनीच्या गेटावर रातचे वॉचमन, ते दिवसा झोपायचे. मोठा भाऊ दत्ता दुसऱ्या कंपनीत, त्याची पाळी दर आठवड्याला फिरायची, त्यामुळं तो कवाबी झोपायचा. मीबी वाळूजलाच, पॅलेट ठोकायच्या शेडात. पॅलेट म्हंजे जड सामान ठेवायची लाकडी फळी, खाली ठोकळे लावलेली. रातभर खिळे ठोकायचे आन् सकाळच्या बसनं घरी यायचं. घरी आलो की आण्णा माझ्याआधी येऊन आडवे झालेले, मग मी त्यांच्या पायाशी. आई सगळं घर कुजबुजून चालवायची. भांडणंबी कुजबुजत व्हायची. आण्णांचा मला पडलेला मारसुद्धा बिनआवाजाचा, आन् मी रडायचो तो उशीत तोंड घालून, कारण दत्ता झोपलाय. वहिनी लग्न होऊन आली तव्हा तिला पयले दोन-चार दिवस वाटलं, घरात कुणाचं काय बरंवाईट झालंय का काय.

कुकर आमच्या घरात आला नाय, शिट्टीपायी. आई भाकर थापायची ती परातीखाली गोणपाट घालून. आन् ठेचा कुटायचा तर ती खलबत्ता घेऊन दारात बसून ऱ्हायची, गाडीची वाट बघत. टेशनात गाडी शिरली की दणादणा कुटायचा, गाडी गेली की हात थांबला. गाडीला उशीर झाला की त्या दिवशी आम्ही भाकर नुसत्या तेलमिठासंगं खायची. कधीकधी मालगाडी आली की आई खूश. लांबच लांब गाडी, सगळा ठेचा एका दमात बारीक. आजबी मालगाडीचा आवाज आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. पुतणी हसायलीय. हस बाई.

अशा घरातला मी, आन् हुनर कोणता धरला, तर ज्याच्या आवाजानं तीन गल्ल्यांतली कुत्री उठून बसतात.

बसच्या थांब्यापासून घराकडं येताना यमुनामावशीची वखार लागायची. मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती, पण सगळी मुकुंदवाडी तिला तसंच म्हणायची. तिचा नवरा शहरातली पडलेली, वाळलेली झाडं कापायचा ठेका घ्यायचा. तो वारला तव्हा त्याची मशीन तिनं उचलली. लुगड्यावर नवऱ्याचाच फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, पायात कंपनीतले जाड बूट. वखारीत हाटेलवाल्यांना जळण मिळायचं आन् स्मशानाचं लाकूड मिळायचं. मयताच्या लाकडाला मावशी कवाबी दार उघडायची, आन् त्या गिऱ्हाइकाला नाय हा शब्द वखारीत नव्हता. उरलेल्या जाड बुंध्यांतून तिनं आधी काटवटी काढल्या, कणीक मळायच्या. मग दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्यानं इचारलं, दारात ठेवायला काय जनावर निघंल का? तिनं बसलेला बैल काढून दिला. तव्हापासून तिच्या बैलांना मागणी सुरू झाली.

मी एका सकाळी बसमधून उतरलो तर मावशी बाभळीच्या बुंध्यातून बैलाची मान मोकळी करत व्हती. नुसती मान. बाकीचा बैल अजून झाडच व्हता. मी उभा ऱ्हायलो. तिनं मशीन बंद केली आन् इचारलं, सरपण का स्मशानाचं? मी म्हणलं, शिकायचंय. ती म्हणली, रिकामा हाईस का? मी म्हणलं, नाय, रातपाळीला हाय. मग ये, ती म्हणली, रिकामी पोरं मी घेत नाय, ती येतात आन् झोपतात.

खरं सांगायचं तर मला कलाबिला काय कळत नव्हती. मला फक्त रातपाळी सोडायची व्हती. दिवसा काम करावं आन् रात्री अंधारात झोपावं, माणसासारखं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. मोठी माणसं आपल्या पुस्तकात सांगतात, मला लहानपणापासून आभाळाएवढं काहीतरी करायचं व्हतं. मला गोधडीएवढं पुरत व्हतं.

पयले कितीतरी दिवस तिनं मला मशीन चालू करूच दिली नाय. हातात गोल कानस दिली आन् चेनचे दात घासायला बसवलं. पुढं ढकलायची, मागं वढायची नाय. सगळे दात सारखे पायजेत, एका बाजूचे बोथट ऱ्हायले तर मशीन कापताना वाकडी जाती. माझे डाव्या बाजूचे दात कायम बोथट ऱ्हायचे, कारण तिथं येईस्तोवर मला डुलकी लागायची. मग मावशी मशीन लाकडाला लावायची आन् ती दारुड्याच्या सायकलीसारखी एका अंगाला वळायची. मावशी लगेच मशीन बंद करायची. चेन उतरवायची, माझ्या मांडीवर टाकायची.

मग एक दिवस म्हणली, वढ दोरी. मी वढली. मशीन चालू झाली, आन् मी पयलं काय केलं असंल तर मागं वळून बघितलं, कुणी उठलं का काय. मावशीला कळंना मी काय शोधायलोय. तिला मी आमच्या घरचं सांगितलं, तर ती पयल्यांदा हसली. मग म्हणली, इथं कान बंद करून चालत नाय, किसन्या. आवाज ऐक. मशीन सुखात असली की एका सुरात ऱ्हाती, दमली की रडती. रडायला लागली की तूच काहीतरी चुकायलास. आन् चेन जिच्यावरून फिरती त्या पट्टीचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाय, टोक लागलं की ती उलटी उसळती, सरळ कपाळाकडं. ती माझ्या मागं बाभळीचा फोक घेऊन उभी ऱ्हायची. माझं कोपर वर गेलं की फोक टोचायची. माझ्या कोपराला अजून त्या जागी आपोआप खाली यायची सवय हाय. जेवतानाबी येतं, आन् आमटी सांडती.

चकत्या पाडायला लावल्या. बुंध्याच्या गोल चकत्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. ती एकावर एक रचून बघायची, जशी सासू भाकरी बघती. माझी चळत कायम कलायची. त्यातल्या जाड चकत्या बसायला म्हणून एका हाटेलवाल्यानं नेल्या, आन् दुसऱ्या दिवशी परत आणल्या. म्हणला, गिऱ्हाईक चहा पिता पिता घसरायलंय.

आता माझ्याकडं पोरं शिकायला येतात, तर मोबाईलवर कुण्या गोऱ्यानं काढलेलं अस्वल बघून येतात. काका, अस्वल शिकवा. मी म्हणतो, बाबा, मुकुंदवाडीत अस्वल कुणी बघितलंय? तुझं अस्वल चुकलं तर सांगणार कोण? चुकलेलं सांगणारा माणूस जवळ पायजे, मग हुनर येतो. ही गोष्ट मोठी इचाराची वाटंल, पण ती माझी नाय. ती लिंबाजीबाबामुळं कळली.

लिंबाजीबाबा गाडीवान. मावशीच्या सासऱ्याच्या वक्तापासून वखारीची लाकडं त्याच्या बैलगाडीतून यायची. मग टेम्पो आले, गाडी गेली, बैलबी गेले. बाबा ऱ्हायला. मागल्या गल्लीत पुतण्याच्या घरी असायचा, आन् रोज सकाळी हातात आसूड घेऊन वखारीत यायचा. बैल नाय, गाडी नाय, पण आसूड घेतल्याबिगर त्याला चालताच यायचं नाय. वखारीचा रिवाज असा, की कोणताबी बैल दाराबाहेर जायच्या आधी बाबानं बघायचा. तो लाकडी बैलाच्या गळ्याखालून हात फिरवायचा, पाठीवरून बोटं न्यायचा, खुरापाशी वाकायचा, मग मावशीच्या कानाजवळ जाऊन हळूच सांगायचा. मोठ्यानं नाय. बैलबाजारात दुसऱ्याच्या बैलाची खोड चारचौघांत बोलत नसतात, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, ही त्याची रीत. फक्त माझ्या बैलांपुरती त्यानं ती मोडली.

कारण मावशीनं शर्त घातली व्हती. मी रोज तिच्या मागं लागायचो, मला कायमचा ठेव, रातपाळी सोडतो. एक दिवस वैतागून म्हणली, लिंबाजीबाबा तुझ्या जनावराला ज्या दिवशी बैल म्हणंल, त्या दिवसापासून तू वखारीचा. तोवर पॅलेट ठोक.

माझा पयला बैल लिंबाचा. आधी कोळशानं बुंध्यावर रेघा मारायच्या, एकदा बाजूनं, एकदा वरून. मग मोठे कोपरे उडवायचे. मावशी सांगायची, उंच हाय ते आधी ठरव, शिंगं, वशिंड, मागचा पुठ्ठा. खालचं मागून येतं. मी आधी तोंड काढायला घेतलं, कारण मला डोळे करायची घाई. डोळे लई चांगले झाले, आन् शिंगांना लाकूडच उरलं नाय. बाबानं आसुडाच्या दांड्यानं त्याला ढोसलं आन् इचारलं, हे डुक्कर कुणाचं? सगळी वखार हसली. त्या लिंबाचं मावशीनं जळण केलं. ओलसर व्हतं, धूर लई झाला म्हणं.

दुसऱ्या बैलाला शिंगं व्हती. एक मी जरा खोल कापलं आन् ते मुळापासून तुटून पडलं. आता दुसरा कुणी असता तर रडला असता, नायतर मावशीला सांगितलं असतं. मी रातभर पॅलेट ठोकणारा माणूस. माझ्या हिशोबानं लाकूड लाकडापासून सुटलं तर इलाज एकच. शेडातून खिशात आलेले खिळे व्हतेच. ठोकलं शिंग, वरून माती घासली, कुणाच्या बापाला कळणार नाय असं. बाबा आला, फिरून बघितलं, म्हणला, कुत्रं हाय, पण राखणदार हाय. मला ती बढतीच वाटली. मग मावशी म्हणली, थांब, मान जाड ऱ्हायलीय म्हणून तो कुत्रा दिसायलाय, जरा शिंगामागून काढते. मी तोंड उघडायच्या आत तिनं मशीन लावली. खिळा लागला. ठिणगी उडाली, चेन तुटली आन् सापासारखी तिच्या गालाजवळून गेली. रुमालाचं टोक घेऊन गेली. मावशीनं मशीन खाली ठेवली, एका ओंडक्यावर बसली आन् रुमाल सोडून त्याचं तुटलेलं टोक बघायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं खाल्ल्या असत्या. बाबा म्हणला, पाणी आण. मी पाणी आणलं, तिनं एका दमात तांब्या रिकामा केला. त्यानंतर कोणतंबी लाकूड कापायच्या आधी मी त्याच्यावरून तळहात फिरवतो. शहरातल्या झाडाच्या अंगात खिळे असतातच, पाट्यांचे, तारांचे, नवसाचे. आता हाताला लागत नाय काय, म्हणून गालानं बघतो. पोरांना वाटतं काका लाकडाचा मुका घ्यायलेत.

मावशीनं मला हाकलून दिलं नाय, ते का, हे मला आजपर्यंत कळलं नाय. उलट थोड्या दिवसांनी तिनं पत्र्याखालचा आंब्याचा ओंडका मला दाखवला. गारखेड्यात एका बंगल्याच्या आवारात वाळलेला आंबा तिनंच पाडला व्हता, आन् दोन उन्हाळे त्याला झाकून ठेवलेलं, स्वतःसाठी. हाताची पाची बोटं वाजवली तर लाकूड खणखण वाजायचं. म्हणली, हा घे. हा वाया घालवलास तर मग मला तोंड दाखवू नको, वाळूजलाच म्हातारा हो.

मी त्या आंब्याला हात लावायच्या आधी आईनं मला सुशीला खाऊ घातला, मुरमुऱ्याचा, वर शेंगदाणे जास्तीचे. आण्णांना मी सांगितलं, अर्थात कुजबुजत, की बाबा हो म्हणला की मी रातपाळी सोडणार. आण्णा डोळे मिटूनच व्हते. म्हणले, सोड. पण रात्री ह्या जागेवर तुझी आई झोपती, तू कुठं झोपशील ते बघून ठेव. हे मी इचारातच घेतलं नव्हतं. माणूस एवढं मोठं सपान बघतो आन् त्यात अंथरूण घालायचं इसरतो.

मग झड लागली. आभाळ फाटलं नाय, गरजलं नाय, नुसतं दिवसेंदिवस ठिबकत ऱ्हायलं. वखारीतलं सगळं लाकूड भिजून काळं पडलं. कोरडं ते पत्र्याखालचं तेवढं, थोडी बाभळ आन् माझा आंबा. रात्री मी वाळूजला खिळे ठोकायचो, सकाळी येऊन पत्र्याखाली आंबा कापायचो, दुपारी आण्णा उठले की त्यांच्या जागेवर पडायचो. कोणता दिवस कुठं संपायचा ते कळत नव्हतं. पण हात मात्र शहाणे झाले व्हते. मला वाटतं मीच एवढा दमलो व्हतो की त्यांच्या मधी मधी यायची ताकद माझ्यात ऱ्हायली नाय. शिंगं आधी निघाली, दोन्ही जागेवर. वशिंड आलं. पुढचा एक पाय दुमडून बसलेला, मान जराशी वळवलेली, जसं कुणी मागून हाक मारली. डोळे मी सगळ्यात शेवटी केले, पट्टीच्या अंगानं, टोक न लावता. मावशी आली, सगळ्या बाजूंनी बघितलं, आन् चहा टाकायला गेली. ती कधी स्वतः होऊन माझ्यासाठी चहा टाकत नसे.

मी पळत लिंबाजीबाबाकडं गेलो. तो आठ-पंधरा दिवस वखारीत आला नव्हता. बाजेवर पडलेला, छाती वाजत व्हती, आसूड उशाला. मी म्हणलं, बाबा, चला, झालाय. तो म्हणला, झड उघडू दे. मी म्हणलं, मी पाठीवर नेतो तुम्हाला. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, लाकडाचा बैल हाय ना? मग पळून जातो का कुठं? येतो मी.

त्यानंतरची दुसरी का तिसरी सकाळ. रातपाळी करून आलो तो सरळ वखारीत. मावशी दिसली नाय. मी बैलाशेजारी पोत्यांवर टेकलो, म्हणलं जरा पाठ लांब करू. आता ह्या आयुष्यातले जेवढे म्हणून महत्त्वाचे प्रसंग झाले, ते मी झोपेत घालवलेत, तसा हाबी घालवला. जाग आली तव्हा दुपार झालती. बैल जागेवर नव्हता. चिखलात काहीतरी जड वढत नेल्याची खूण दाराकडं गेलेली, पुढं टेम्पोच्या चाकांच्या रेघा. दुसऱ्या कुणाला चोरीची शंका आली असती. मला एवढा आनंद झाला की सांगता सोय नाय. मला वाटलं, बाबा येऊ शकत नाय म्हणून मावशीनं बैलच त्याच्याकडं नेला.

मी तसाच मागल्या गल्लीत पळालो. बाबाच्या दारात ही गर्दी. माणसं छत्र्या घेऊन उभी, बाया आत. मला वाटलं, आख्खी गल्ली माझा बैल बघायला लोटलीय. मी केस नीट केले. खरंच केले, हाताला थुंकी लावून. आन् मशीननं कान बसलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात मी दारातल्या पुतण्याला हसत हसत इचारलं, काय म्हणले बाबा?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुतण्या म्हणला, “काय म्हणणार. सकाळी गेले ते.”

माझं तोंड हसायचं थांबंना. आतून मला कळलं व्हतं, पण तोंडाला निरोप पोचायला वेळ लागला. एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरून मला बाजूला केलं. आत बाबाला आंघोळ घालून निजवला व्हता. आसूड शेजारी. एवढ्या मोठ्या घोळक्यात मी एकटाच असा, की ज्याच्या मनात पयल्यांदा दुःख नाय आलं. पयल्यांदा आलं ते हे, की आता कोण सांगणार.

खांदा द्यायला मला बोलावलं. दमलेला माणूस खांद्याला बरा, मधी बोलत नाय. स्मशानात पत्र्याच्या शेडाखाली सरण रचून तयार व्हतं. आन् पायगतीला, सगळ्यांच्या आधी जाऊन, माझा बैल बसलेला. मान वळवून, आम्ही यायचीच वाट बघत असल्यासारखा.

मग कळलं ते एकमेकांच्या बोलण्यातून. सकाळी पुतण्या वखारीत गेला तव्हा ओल्या लाकडावर सरण पेटणार नाय हे दिसतच व्हतं. मावशीनं कोरडी बाभळ सगळी दिली. ती पुरंना. मग तिनं आंब्याकडं बोट केलं. तो फोडायलाबी वेळ नव्हता, माणसांनी तसाच टेम्पोत चढवला. पण रचणाऱ्यांना वाटलं, गाडीवानासंगं मुद्दाम बैल दिलाय, काहीतरी रीत असंल. म्हणून त्यांनी तो मधी न घालता पायाशी मांडला. कुणीतरी त्याच्या कपाळावर कुंकू लावलं. मग जो येईल तो वाकायला लागला. माझ्या शेजारी जालन्याकडून आलेले दोन पाव्हणे व्हते. एक दुसऱ्याला इचारायला लागला, हे काय ठेवलंय? दुसरा म्हणला, नंदी असंल. पयला जरा वेळ बघून म्हणला, ह्याला नंदी म्हणतात व्हय इकडं? मी लई आशेनं तिकडं कान लावला व्हता. काढून घेतला.

अग्नी दिला. बाभळीच्या खालचं ओलं लाकूड नुसतं धुमसायला लागलं, सगळ्यांचे डोळे झोंबायले. कुणीतरी रॉकेल आणायला पळालं. तेवढ्यात आंब्यानं धरलं. आधी शिंगं, मग वशिंड. आवाज न करता, सरळ उभा जाळ. त्या जाळानं बाकीचं सगळं पेटवलं. धूर कमी झाला तसा बैल दिसायला लागला. कडा सगळ्या लाल झाल्या, माझ्या हाताच्या खोडी जळून गेल्या, आन् मान वळवलेलं एक जनावर तेवढं उरलं. तव्हा तो मला बैल दिसला. शेजारच्या पाव्हण्यानंबी हात जोडले. त्या घोळक्यात ओरडून सांगावं वाटत व्हतं की हा माझा हाय, आन् त्याच वेळी असंबी वाटत व्हतं की कुणाला कळू नये. मी दोन्हीतलं काहीच केलं नाय. उभ्या उभ्या मला डुलकी लागली. पुतण्यानं धरलं. त्याला वाटलं, मला सहन झालं नाय.

पुतणी इचारायलीय, काका, तुम्हाला राग नाय आला मावशीचा? आला असंल. पण राग यायला माणूस ताजा लागतो.

दिवस मावळायच्या सुमाराला मी भिजलेल्या अंगानं वखारीत गेलो. रातपाळीची बस सुटायला अजून वेळ व्हता. मावशी पत्र्याखाली बसून चेन घासत व्हती. जिथं माझा बैल बसायचा ती जागा रिकामी. वाटंत मी मनाशी लई जुळवलं व्हतं, की असं म्हणू, तसं म्हणू. तिथं गेल्यावर एवढंच निघालं, की मावशी, मला उठवायचं तरी. ती म्हणली, हलवलं तुला. पोत्यासकट हलवलं. तू कूस बदलली.

मी खाली बसलो. बाबानं तर बैल बघितलाच नाय, मी म्हणलं. आता माझ्या शर्तीचं काय? तिची कानस चालूच. मग मी तिला स्मशानातलं सगळं सांगितलं. कुंकू लावलेलं सांगितलं, लोक वाकले ते सांगितलं. पाव्हण्याचं पयलं बोलणं गाळलं, हात जोडलेले तेवढे सांगितले. आन् बोलता बोलता माझा आवाज चढला. म्हणलं, “मावशी, आख्ख्या सरणात एक माझा बैल पेटला. तो नसता तर बाबा ओल्या लाकडात अडकला असता.”

मावशीनं कानस थांबवली. वरबी बघितलं नाय.

“लाकूड वाळलेलं व्हतं म्हणून पेटलं,” ती म्हणली. “आंबा गारखेड्याच्या मातीचा, वाळवला मी. तुझा त्यात काय तो भुसा. तो पडलाय तिथं, झाडून घे.”